उमरीचे गाऱ्हाणे, मुंबईचे दफ्तर

१९७२ चा ऑक्टोबर. मराठवाड्यात खरीप हातचा गेला होता आणि रब्बी पेरायला रानात ओल नव्हती. विहिरी तळाला गेल्या होत्या. गावेच्या गावे दुष्काळी कामांवर निघाली होती. कुठे पाझर तलाव, कुठे नालाबंडिंग, आणि जिकडेतिकडे खडी फोडण्याची केंद्रे. पोटाला परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. दिवसभर घण मारायचा आणि आठवड्याच्या शेवटी मस्टरवर अंगठा द्यायचा. मापात किती ब्रास बसली हे मुकादम सांगणार आणि पगार किती हे कारकून सांगणार. मस्टरवर नाव एकाचे आणि अंगठा दुसऱ्याचा, मोजमाप कमी धरले, आठवड्याचा पगार महिन्याने आला, अशी कुरबुर त्या वेळी कामाकामावर होती. ती सांगायची कोणाला? मुकादमाविरुद्ध कारकुनाकडे आणि कारकुनाविरुद्ध ओव्हरसियरकडे. पण संध्याकाळी तिघे एकाच जीपमधून जाणार, हे मजुरांना दिसत होते.

त्याच महिन्यात, २५ ऑक्टोबर १९७२ रोजी, महाराष्ट्र लोकायुक्त आणि उपलोकायुक्त अधिनियम, १९७१ अमलात आला. सरकारी कारभाराविरुद्ध सामान्य माणसाची तक्रार ऐकून स्वतंत्रपणे चौकशी करणारी यंत्रणा प्रत्यक्ष उभी करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. ओरिसाने कायदा एक वर्ष आधी, १९७० मध्ये, केला होता, पण यंत्रणा आधी सुरू झाली ती आपल्याकडे. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. दुष्काळाच्या बातम्यांनी भरलेल्या वर्तमानपत्रांतून ही घटना खडीकेंद्रावरच्या माणसापर्यंत पोचली असेल, असे मला वाटत नाही.

हा इतिहास मी उमरीच्या बाजूने सांगतो आहे. नांदेड जिल्ह्यात, मुदखेड आणि धर्माबादच्या मधले हे रेल्वेचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून मनमाडकडे गोदावरी खोऱ्यातून लोहमार्ग आला आणि त्याच्या कडेने कापसाच्या पेठा वाढल्या, त्यांतली ही एक. पुढे उमरी तालुक्याचे ठिकाण झाले. राजधानीपासून इतक्या लांबच्या गावात सरकार म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी आणि तहसीलची खिडकी. तक्रारीचा कायदा किती खरा, हे अशाच ठिकाणी कळते.

निजामाच्या राज्यात तक्रार नव्हती असे नाही. अर्ज होते, अर्जनवीस होते. अर्जी उर्दूत लिहून घ्यावी लागे. तेलुगू आणि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय सांगितले आणि कागदावर काय उतरले, याची खात्री करण्याचा मार्ग नव्हता. पटवाऱ्याविरुद्धची अर्जी तहसीलदाराकडे आणि तहसीलदाराविरुद्धची अव्वल तालुकदाराकडे जायची. वर कितीही चढली तरी शेवटी हुजुरांच्या मर्जीपाशी थांबायची आणि बहुतेक वेळा चौकशीसाठी फिरून त्याच पटवाऱ्याच्या दप्तरात पडायची. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याकडेच उत्तर मागायचे, ही रीत त्या राज्याबरोबर गेली नाही. ती सगळ्या राजवटी ओलांडून आली आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतील सैनिकांनी उमरीच्या बँकेवर धाड घातली आणि लाखो रुपये ताब्यात घेतले. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तो हाच दिवस, त्यामुळे देशाच्या इतिहासात उमरीची बातमी झाकोळली. इकडे मात्र त्या धाडीच्या शौर्याइतकाच त्या पैशाच्या हिशेबाचा उल्लेख होतो. लढ्याची रक्कम लढ्यासाठीच वापरली गेली आणि तिचा जमाखर्च ठेवला गेला, याचा अभिमान जुनी माणसे बाळगून होती. ज्या पिढीने गोळ्यांच्या सावटाखाली हिशेब ठेवला, तिला स्वराज्यात तहसीलच्या खिडकीवर हिशेब मागण्याचा हक्क नक्कीच होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी हैदराबादहून मुंबईला सरकली, म्हणजे उमरीपासून आणखी लांब गेली.

तिकडे दिल्लीत स्वतंत्र चौकशीचा प्रश्न पहिल्यांदा ठणकावून मांडणारा माणूस मराठी होता. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५९ च्या जुलैमध्ये मद्रासच्या भाषणात त्यांनी उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायमस्वरूपी, निःपक्ष न्यायाधिकरण नेमण्याची मागणी केली. असे न्यायाधिकरण नेमले तर आपण त्यापुढे काही प्रकरणे ठेवू, अशी त्यांची तयारी होती. पंडित नेहरूंनी ती मागणी मान्य केली नाही. देशमुख सनदी अधिकारी होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. सरकारी फाइल कुठे अडते, का अडते आणि कोणाच्या सांगण्यावरून सुटते, हे त्यांनी आतून पाहिले होते. म्हणून त्यांच्या मागणीला वजन होते आणि म्हणूनच ती गैरसोयीची होती.

कल्पना परदेशात जुनी झाली होती. स्वीडनने १८०९ च्या राज्यघटनेतच ती बसवली होती. राजाचे अधिकारी कायदा पाळतात की नाही, हे पाहण्यासाठी राजाने नव्हे, संसदेने नेमलेला माणूस. डेन्मार्कने १९५५ मध्ये आणि न्यूझीलंडने १९६२ मध्ये हे पद निर्माण केले. ब्रिटनने १९६७ मध्ये ते आणले, पण नागरिकाने खासदारामार्फतच यावे अशी अट घातली. उमरीच्या माणसाला अशी अट किती जड गेली असती, याचा विचार केला म्हणजे आपल्या कायद्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. इथे तक्रार थेट करता येते, मध्ये पुढारी लागत नाही.

३ एप्रिल १९६३ रोजी लोकसभेत डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी हा विषय मांडला. ‘लोकपाल’ आणि ‘लोकायुक्त’ ही नावे त्यांचीच. १९६६ मध्ये मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखालच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने नागरिकांच्या गाऱ्हाण्यांवर आपला अंतरिम अहवाल दिला आणि केंद्रात लोकपाल, राज्यांत लोकायुक्त अशी शिफारस केली. यशवंतराव चव्हाण केंद्रीय गृहमंत्री असताना, १९६८ मध्ये, विधेयक आले. १९६९ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेची मंजुरी बाकी होती, तेवढ्यात १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक गेले. पुढे चाळीसेक वर्षे ते येत राहिले आणि पडत राहिले. १९७१, १९७७, १९८५, १९८९, १९९६, १९९८, २००१. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. पंतप्रधानांना त्यात घ्यावे की वगळावे, यावर वाद व्हायचा आणि बहुतेक वेळा तोवर लोकसभा विसर्जित व्हायची.

दिल्ली अडली असताना मुंबईने पाऊल टाकले, याचे श्रेय महाराष्ट्राला दिलेच पाहिजे. पण तो कायदा नीट वाचला की त्यात दोन वेगळ्या कामांची गाठ मारलेली दिसते. एक काम गाऱ्हाण्याचे. अधिकाऱ्याच्या दिरंगाईने, चुकीने, मनमानीने कोणावर अन्याय झाला, तर त्याने बारा महिन्यांच्या आत लोकायुक्तांकडे यावे. दुसरे काम आरोपाचे. मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, भ्रष्टाचार केला, तर त्याविरुद्ध शपथपत्रासह तक्रार करावी, आणि त्याला मुदत तीन वर्षांची. साक्षीदाराला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार लोकायुक्तांना दिले. पण चौकशीअंती करायची ती शिफारस. सरकारने ती मानली नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल जातो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. हुकूम काढण्याचा अधिकार नाही. शिवाय त्या कायद्यात मंत्र्यांमध्ये मुख्यमंत्री धरलेला नव्हता.

पहिले काम कसे चालते ते जवळून पाहू. समजा, उमरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींची पेन्शन अडली आहे. सेवापुस्तकातली एक वेतननिश्चिती पडताळलेली नाही. पंचायत समिती म्हणते प्रस्ताव नांदेडला पाठवला, नांदेडचा वित्त विभाग म्हणतो त्रुटी काढून परत केला, आणि त्रुटीचे पत्र कोणाच्या टेबलावर आहे ते कोणालाच ठाऊक नाही. गुरुजी हेलपाटे घालतात. प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवतात, निळ्या शाईचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि कारकुनाची वळणदार सही. अशा पोचपावत्यांची एक फाइल होते. नोकरीतल्या बदल्या-बढत्यांच्या तक्रारी लोकायुक्तांच्या कक्षेत येत नाहीत, पण निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधीची गाऱ्हाणी येतात. म्हणून गुरुजी साध्या कागदावर, मराठीत, सगळी हकिकत तारीखवार लिहितात, पोचपावत्यांच्या झेरॉक्स जोडतात आणि मुंबईला मादाम कामा मार्गावरच्या नवीन प्रशासकीय भवनात टपालाने पाठवतात. वकील लागत नाही. काही दिवसांनी त्यांना प्रकरण क्रमांकाचे पत्र येते आणि त्याच वेळी नांदेडला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना अहवाल सादर करण्याचे पत्र जाते. आता त्या फाइलीवर लाल शाईत ‘लोकायुक्त प्रकरण’ असे चढते. जी त्रुटी दोन वर्षे सापडत नव्हती ती सापडते. मग विभाग कळवतो की प्रस्ताव मंजूर झाला, आणि लोकायुक्त कार्यालय ‘गाऱ्हाण्याचे निवारण झाल्याने’ प्रकरण बंद करते.

या कामाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या लोकायुक्तांनी पन्नास वर्षांत जे खरे काम केले ते बहुतांशी हेच. पेन्शन, संपादित जमिनीचा मावेजा, फेरफार, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीच्या निधीचा हिशेब. या बातम्या होत नाहीत. पण ज्याच्या घरात ती पेन्शन येते, त्याच्या म्हातारपणाचा तो आधार असतो. उणीव आहे ती वेगळी. ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणे त्याच खात्याकडून अहवाल मागवायचा, आणि लोकायुक्तांकडे स्वतःचे तपासाचे मनुष्यबळ तोकडे. खात्याने गोलमाल अहवाल दिला तर तो खोडून काढण्याची जबाबदारी पुन्हा तक्रारदारावरच येते. अव्वल तालुकदाराच्या दफ्तरातली जुनी रीत ती हीच.

दुसऱ्या कामाची, म्हणजे आरोपांच्या चौकशीची, कथा फार निराळी आहे. १९८१ मध्ये बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. त्या वर्षी २७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबादला सुरू झाले. मराठवाड्याच्या पक्षकाराला मुंबईची वारी चुकवणारा हा मोठाच दिवस होता. त्यानंतर चारच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. टंचाईच्या काळातले सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध त्यात दाखवला होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. लोकायुक्त पद तेव्हा नऊ वर्षांचे झाले होते. राज्याच्या इतिहासातला हा सर्वांत गाजलेला आरोप त्या कार्यालयाच्या दारावरूनच गेला, कारण मुख्यमंत्री कायद्याबाहेर होते.

मग १९८५ मध्ये लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये ते पायउतार झाले. त्यांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण आले. २०१० मध्ये आदर्श सोसायटीच्या प्रकरणात नांदेडचेच अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी दोन सदस्यांचा स्वतंत्र आयोग नेमला गेला. पुढे त्यांच्यावर खटला भरण्यास राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. मंत्र्यांचेही तसेच. मंत्री लोकायुक्तांच्या कक्षेत होते, तरी २००३ मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर चार मंत्र्यांवरील आरोपांसाठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा वेगळा आयोग नेमावा लागला. गंभीर आरोप आला की सरकार आयोग नेमते किंवा लोक न्यायालयात जातात. ज्या कार्यालयाची स्थापनाच यासाठी झाली, तिकडे कोणी पाहत नाही.

उदगीर, देगलूरकडच्या लोकांना याच्या उलट चित्र घरबसल्या दिसते, कारण सीमेपलीकडे बीदर आहे. तिथे मराठी बोलणारी गावे आहेत, सोयरिकी आहेत, बाजार एक आहे. कर्नाटकाने लोकायुक्तांचा कायदा आपल्यानंतर, १९८४ मध्ये केला, पण लोकायुक्तांना पोलीस दिले. बीदरमध्ये लाच मागणाऱ्याला लोकायुक्तांचे पोलीस सापळा लावून धरतात. उमरीत किंवा उदगीरमध्ये सापळा लावायचा तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जायचे, आणि तो विभाग गृहखात्याचा. २७ जुलै २०११ रोजी कर्नाटकचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावर अहवाल दिला आणि त्या महिनाअखेर मुख्यमंत्री येडियुरप्पांना जावे लागले. पाच वर्षांनी तिथल्या सरकारने वेगळे पथक काढून लोकायुक्तांचे हात बांधले, तेव्हा उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते पथक रद्द करून अधिकार परत दिले. दात असलेल्या यंत्रणेवरच सरकारचा रोष होतो. आपल्या लोकायुक्तांचे अधिकार काढून घ्यावेत असे महाराष्ट्रातल्या एकाही सरकारला पन्नास वर्षांत वाटले नाही, यातच त्या अधिकारांचे मोजमाप आले.

२०११ हे वर्ष मराठी माणूस विसरणार नाही. एप्रिलमध्ये जंतरमंतर, ऑगस्टमध्ये रामलीला मैदान. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी लोकपालाचा विषय संसदेच्या कामकाजातून उचलून तालुक्याच्या चौकात आणून ठेवला. ज्या मुलांना लोकपाल म्हणजे काय हे आदल्या महिन्यात ठाऊक नव्हते, ती मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. लोकपाल आणि लोकायुक्त अधिनियम, २०१३ झाला आणि १६ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. तरी पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांची नेमणूक व्हायला मार्च २०१९ उजाडला. मार्च २०२४ मध्ये पुण्याचे न्यायमूर्ती अजय खानविलकर त्या पदावर आले. देशमुखांच्या मद्रासच्या भाषणाला तेव्हा जवळपास पासष्ट वर्षे झाली होती.

राज्यातला जुना कायदा बदलावा म्हणून अण्णा ३० जानेवारी २०१९ रोजी पुन्हा राळेगणला उपोषणाला बसले. मसुदा समिती झाली, विधेयक तयार झाले. विधानसभेने ते डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने १५ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री प्रथमच कक्षेत आले. पण त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती हवी. ज्याच्या पाठीशी बहुमत आहे म्हणून जो मुख्यमंत्री आहे, त्याच्या चौकशीला त्याहून मोठे बहुमत मागायचे. अशी संमती कोणत्या सभागृहात मिळेल, ते मला दिसत नाही.

या सगळ्या चर्चेत वर्तमानपत्रांचे मथळे मुख्यमंत्र्यांच्या कलमावर झाले आणि गुरुजींचे गाऱ्हाणे बाजूला पडले. माझे लक्ष तिकडे आहे. मराठवाड्याला उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले. प्रशासकीय न्यायाधिकरणाचे खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे, राज्य माहिती आयोगाचेही आहे. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आल्यावर तालुक्यातला तक्रारदार फाइलीतली टिपणी स्वतः मागवू लागला, आणि सेवा हक्क कायद्याने २०१५ पासून दाखल्यांना मुदत घातली. लोकशाही दिन भरतो, तिथे टोकन क्रमांक मिळतो. पण या सर्वांकडून हात हलवत परतलेल्या माणसाने शेवटी ज्याच्याकडे जायचे, ते कार्यालय उमरीहून सहाशेहून अधिक किलोमीटरवर, मंत्रालयाच्या समोर आहे. सुनावणीचे पत्र आले तर देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर जायचे, मुंबईत उतरायला नातेवाईक शोधायचा आणि दुपारी अर्ध्या तासात आपले म्हणणे मांडून परत फिरायचे. नव्या कायद्यात अध्यक्षांबरोबर आणखी सदस्य आहेत. त्यांतला एक कायमचा छत्रपती संभाजीनगरला बसवावा, त्याच्या हाताखाली खात्याच्या अहवालावर न विसंबता नांदेडला, उमरीला जाऊन दप्तर तपासतील असे चार अन्वेषक द्यावेत, आणि गाऱ्हाण्यापुरता तरी त्याच्या शिफारशीला हुकुमाचा दर्जा असावा. पेन्शनचा हुकूम काढायला सभागृहाच्या दोन तृतीयांश मतांची गरज नाही.